इजिप्शियन क्रियापदांचा तक्ता : कामाच्या नोंदी

१४ जून

काम असे ठरले : मध्य इजिप्शियन भाषेतल्या क्रियापदांचा, मराठीतून वापरता येईल असा तक्ता करायचा. सगळ्या इजिप्शियनचा नव्हे. पिरॅमिडांच्या भिंतींपासून कॉप्टिक (म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या) पोथ्यांपर्यंत ही भाषा इतकी बदलत गेली की एका तक्त्यात ती मावायची नाही. म्हणून साधारण इ.स.पू. २००० ते १३०० या काळातली भाषा घेतली, आणि तीही एकाच मजकुरातून : गलबत फुटून बेटावर फेकल्या गेलेल्या खलाशाची गोष्ट. हर्मिटेज १११५ या क्रमांकाचा पपायरस, ओळी १८९. रशियन अभ्यासक गोलेनिश्चेव्ह यांना तो १८८१ साली सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहात सापडला.

हीच गोष्ट निवडली, कारण तिच्यात माणसे बोलतात. (एक तर माणूसही नाही, तीस हात लांबीचा नाग आहे.) कोणी धमकी देतो, कोणी भविष्य सांगतो, कोणी धीर देतो, कोणी झालेली हकिगत सांगतो, त्यामुळे क्रियापदाची बहुतेक रूपे आपणहून हजेरी लावतात. थडग्यांवरच्या लेखांत हे सुख नाही. तिथे 'राजा देतो ते दान' हा साचा आला की पुढे पाव, बीअर, बैल, पाखरे यांची यादी, आणि क्रियापद गायब.

मूळ पपायरस हिरॅटिक या धावत्या लिपीत आहे. ती वाचायच्या फंदात पडलो नाही, हायरोग्लिफ या चित्रलिपीत उतरवलेली छापील प्रत घेतली. बाकी साहित्य : स्प्रेडशीट, चिन्हे मांडायला जेसेश हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आणि जाड कागदाची कोरी कार्डे. खर्च आतापर्यंत १८० रुपये, तोही कार्डांचाच.

१७ जून

लिप्यंतराचा निकाल आधी लावावा लागला. इजिप्शियन लेखनात स्वर लिहीत नाहीत. 'ऐकणे' हा धातू कागदावर स्-ज्-म् एवढाच असतो. तोंडाने म्हणता यावा म्हणून अभ्यासक मध्ये 'ए' घालून 'सेजेम' म्हणतात. हा 'ए' आपल्या सोयीचा आहे, नाईलकाठच्या लोकांचा नाही. सोय म्हणून मीही तो ठेवला.

खरी पंचाईत 'ह'ची. या भाषेत चार निरनिराळे 'ह' आहेत. मी ते ह, ह़, ख, ख़ असे लावून घेतले. अलिफ आणि ऐन ही दोन व्यंजने तोंडी वाचनात दोन्ही 'आ'च होतात, म्हणजे उच्चाराच्या रकान्यात त्यांचा फरक बुडतो. त्यासाठी वेगळा रकाना केला आणि कोशातल्या क्रमाने चोवीस व्यंजनांना १ ते २४ आकडे दिले. अलिफ १, ज २४. आता क्रमवारी या आकड्यांवर लावली की शब्द कोशाप्रमाणे लागतात. देवनागरीच्या क्रमाने लावले तर सगळा पसारा होतो.

कोणी हे करणार असेल तर एक सावधगिरी : नुक्त्याचा 'ख़' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'ख' अधिक सुटा नुक्ता म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखेच. माझ्या फोनचा कीबोर्ड एक प्रकार टाकत होता, लॅपटॉपचा दुसरा. शोधल्यावर निम्म्या नोंदी सापडेनात, आणि मी मात्र फाईल बिघडली म्हणून जुन्या प्रती चाळत बसलो. शेवटी भाचीने एका सूत्राने सगळे नुक्ते सुटे करून दिले. तिचे म्हणणे, "मामा, तू हे सगळं एकाच कीबोर्डवर का नाही टाकत?" बरोबरच आहे.

२१ जून

पहिला तक्ता झाला. व्याकरणे नमुन्याला 'सेजेम' घेतात, मीही घेतला. संस्कृतच्या धातुरूपावलीची सवय असलेल्याला सुरुवात फारच सोपी वाटते. प्रत्यय मोजून आठ (द्विवचनाचे सोडून) : मी, तू (पुरुष), तू (स्त्री), तो, ती, आम्ही, तुम्ही, ते. आणि हेच आठ प्रत्यय नामाला लागले की 'माझे, तुझे, त्याचे' होतात. 'इब-एक' म्हणजे तुझे हृदय, 'सेजेम-एक' म्हणजे तू ऐकतोस. धातूच्या पोटात काही बदलत नाही, संधी नाही, गण पाठ करायला नकोत. भूतकाळासाठी धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये एक 'न' घालायचा : सेजेम-न-एफ, त्याने ऐकले. कर्मणीसाठी 'तू' घालायचा : सेजेम-तू-एफ, तो ऐकला जातो.

तक्ता सुबक दिसला म्हणून प्रिंट काढून लॅमिनेटही करून घेतला. ३२० रुपये.

२९ जून

लॅमिनेट केलेला तक्ता बाद.

गोष्टीतल्या पहिल्या काही ओळींवर तो लावून पाहिला तेव्हा कळले की त्यातल्या चार-पाच घरांत एकच रूप बसले आहे. सेजेम-एफ म्हणजे 'तो ऐकतो'. सेजेम-एफ म्हणजे 'त्याने ऐकावे'. सेजेम-एफ म्हणजे 'तो ऐकेल'. जोर दुसऱ्या शब्दावर असला की क्रियापद पुन्हा तेच. काही ठिकाणी तर 'तो ऐकला गेला' हेही त्याच तीन व्यंजनांत आणि एका प्रत्ययात. बोलताना ही रूपे नक्कीच वेगवेगळी असणार, कारण फरक स्वरांत होता. पण स्वर लिहिलेच नाहीत, तर कागदावर फरक उरतो कुठे?

कॉप्टिकमध्ये मात्र हीच भाषा ग्रीक वळणाच्या लिपीत स्वरांसकट लिहिली जाते आणि 'ऐकणे' तिथे 'सोतेम' असे दिसते. तिथून मागे जात जुने स्वर जुळवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. पण कॉप्टिकपर्यंत येता येता जुनी रूपे बहुतेक झडली, त्यामुळे माझ्या तक्त्यातली रिकामी घरे तिथून भरता येत नाहीत.

म्हणून हा तक्ता चुकीचा नाही, निरुपयोगी आहे. 'सेजेम' हा तीन धडधाकट व्यंजनांचा धातू. कुठल्याही रूपात त्याचा केसही वाकडा होत नाही. शिकवायला म्हणून तो सोयीचा, आणि ओळखायला शिकायचे असेल तर त्याच्याइतका वाईट नमुना नाही. जो धातू कधी बदलतच नाही, तो वाचणाऱ्याला काय सांगणार?

६ जुलै

नवी मांडणी : नमुना म्हणून दुर्बल धातू. ज्यांचे शेवटचे व्यंजन कमकुवत आहे आणि रूपागणिक गळते किंवा ज्यांचे आधीचे व्यंजन दुप्पट होते, ते. 'इरी' करणे, 'मेरी' आवडणे, 'पेरी' बाहेर पडणे, 'गेमी' सापडणे. सुदैवाने भाषेतली रोजची क्रियापदे बरीचशी याच गटातली आहेत.

हे धातू बोलके आहेत. 'करणे' या अर्थाचे णे-रूप 'इरेत', शेवटी 'त'. सेजेमचे णे-रूप सेजेमच, 'त' नाही. चालू किंवा पुन्हापुन्हा घडणाऱ्या क्रियेच्या विशेषणात 'र' दुप्पट : 'मेरेर', आवड असणारा. गोष्टीत खलाशी नागाला वचन देतो की मी तुझ्यासाठी इजिप्तच्या मालाने भरलेली गलबते पाठवीन, 'लोकांवर माया करणाऱ्या देवासाठी करतात तसे'. या एवढ्याशा तुकड्यात 'इरेरेत' आणि 'मेरेर' अशी दोन दुप्पट रूपे लागोपाठ येतात. सबल धातू असते तर इथे काहीच दिसले नसते.

तक्त्यात आता चार उभे गट : सबल (सेजेम, जेद), शेवटचे दोन व्यंजन सारखे असलेले (माआ पाहणे, वेनेन असणे), दुर्बल (इरी, मेरी), आणि हट्टी (रेदी देणे, ई किंवा इउ येणे, इनी आणणे). प्रत्येक आडव्या ओळीत एक रूप. ज्या घरात सबल धातूचे रूप शेजारच्या घरासारखेच आहे ते घर करडे रंगवले. जिथे दुर्बल धातू वेगळा पडतो ते पिवळे. पहिल्या तक्त्यात सगळी घरे पांढरी होती, म्हणून तो इतका छान दिसत होता.

वापरायची रीत : अनोळखी वाक्यातला धातू सबल असेल तर त्याच्या जागी मनातल्या मनात 'इरी' ठेवून पाहायचा आणि व्याकरणाने तिथे कोणते रूप मागितले असते ते विचारायचे. नेहमी उत्तर मिळतेच असे नाही.

१३ जुलै

'रेदी', देणे. या एका धातूवर जितका वेळ गेला तितका कशावरही नाही. कधी 'रेदी' असे 'र'सकट लिहितात, कधी नुसते 'दी'. चिन्हे दोन : एक शंकूच्या आकाराचा पाव, आणि एक तोच पाव हातावर धरलेला. दुप्पट रूप 'देद', आणि ते 'बोलणे' या 'जेद'शी उच्चारात गोंधळते. आज्ञार्थ तर भलताच : 'इमी'. नाग निरोप देताना म्हणतो, 'माझे चांगले नाव तुझ्या गावात ठेव', तिथे हाच 'इमी' आहे. येण्याचा आज्ञार्थही असाच परका, 'मी'.

दोन्ही लेखनांची वेगळी कार्डे केली होती, ती फाडून एक केले. शिवाय 'रेदी' नंतर दुसरे क्रियापद आले की अर्थ 'करायला लावणे, होऊ देणे' असा होतो. 'पाहा, देवाने तुला जगू दिले' या वाक्यात 'जगणे' इच्छार्थी रूपात आहे. नागाची धमकीही याच साच्यात : सांगायला उशीर लावलास तर 'तू राख झालास हे तुलाच कळायला लावीन'. हा साचा गोष्टीत इतक्यांदा येतो की त्याला स्वतंत्र कार्ड दिले.

२० जुलै

पाण्याच्या लाटेचे चिन्ह म्हणजे 'न'. गोष्टीच्या सुरुवातीलाच 'पेह-न-न' येते : पोचलो आम्ही. पहिला 'न' भूतकाळाचा, दुसरा 'आम्ही'चा. स्प्रेडशीटमध्ये मी 'न असेल तर भूतकाळ' असे सूत्र लावले होते. त्याने 'आमचे खलाशी' यातला 'आमचे' धरून भूतकाळ दाखवला, आणि 'ला' या अर्थाचा सुटा 'न' दिसला तिथेही. सूत्र काढून टाकले. 'न' आला की तो धातूला चिकटलेला आहे का, पुढे कर्त्याचा प्रत्यय किंवा नाम आहे का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

बरेच अभ्यासक मानतात की भूतकाळाचा हा 'न' मुळात 'ला' या अर्थाचाच आहे, म्हणजे 'ऐकलेले त्याला' अशा रचनेतून 'त्याने ऐकले' आले. मराठी माणसाला हे ऐकून दचकायला होत नाही. भूतकाळ आला की आपणही कर्त्याला बाजूला बसवून 'त्याने' म्हणतो आणि क्रियापद कर्माच्या मागे पाठवतो.

त्याच ओळींत पुढे 'मोगरी उचलली, खुंटा ठोकला' असे येते. कर्ता नाही, 'गेली' नाही, नुसता धातू. इंग्रजी व्याकरणे इथे कर्मणीवर अर्धे पान खर्च करतात. तक्त्यात मी मराठी वाक्यच लिहून ठेवले.

३ ऑगस्ट

स्थितीरूप. याचे प्रत्यय पूर्ण वेगळे. 'मी'ला 'कुई', 'तू'ला 'ती', 'तो'ला 'उ' (पुष्कळदा लिहीतच नाहीत), 'ती'ला पुन्हा 'ती'. जुन्या मेसोपोटेमियातल्या अक्कडियन भाषेतल्या अशाच रूपाशी याचे नाते आहे. अर्थ : क्रिया होऊन गेली आणि कर्ता त्या अवस्थेत आहे. 'आला' नव्हे, 'आलेला आहे'.

लाटेने खलाशाला बेटावर टाकले त्या वाक्यात 'रेदी-कुई' आहे : मी टाकला गेलो. 'कुई'ची सुरुवात टोपलीच्या चिन्हाने होते, आणि तीच टोपली 'तू'चा प्रत्यय 'क' लिहायला वापरतात. पहिल्या वाचनात 'तू दिलेस' असे धरले आणि पुढची ओळ काही केल्या लागेना. दोन ओळींनंतर 'वा-कुई' आले : 'तीन दिवस काढले, एकटा, सोबतीला हृदय तेवढे'. इथे 'तू' कुठूनही बसत नव्हता, तेव्हा मागची ओळ सुटली.

'ती' हा प्रत्यय जास्त फसवा. 'आमचे खलाशी सुखरूप आलेले आहेत' इथे 'ई-ती' आहे, कारण खलाश्यांच्या ताफ्यासाठी आलेला शब्द स्त्रीलिंगी एकवचनी आहे. धमकीच्या वाक्यात 'खेपेर-ती' आहे आणि तिथे अर्थ 'तू झालेला'. फरक रूपात नाही, कर्त्यात. कार्डावर लाल शाईने लिहिले : आधी कर्ता शोध.

'आहा-न' हेही या दिवसांत उलगडले. 'आहा' म्हणजे उभे राहणे. 'आहा-न' जवळजवळ प्रत्येक घटनेच्या सुरुवातीला येते आणि मी दर वेळी कोणी तरी उभे राहते आहे असे लिहीत होतो. 'मग गलबत उभे राहिले आणि मेले' असे वाक्य झाल्यावर हसू आले. ते फक्त 'मग' आहे. गलबत मेले हे मात्र मुळातच आहे.

१७ ऑगस्ट

नकार. इथे घाईने तक्ता भरू नये.

'एन सेजेम-एफ' : त्याने ऐकले नाही. 'एन सेजेम-न-एफ' : तो ऐकत नाही, त्याला ऐकवत नाही. म्हणजे भूतकाळाचा 'न' असलेले रूप नकारात वर्तमानाचे होते आणि 'न' नसलेले भूतकाळाचे. हा उलटा हिशेब बॅटिस्कोम गन या इंग्रज अभ्यासकाने १९२४ साली दाखवून दिला. तो नियम त्याच्याच नावाने चालतो. मी तक्ता भरताना ही दोन घरे अदलाबदल झाली असे समजून 'दुरुस्त' केली होती. भाचीने छापील पानाशी ताडून पाहताना ते पकडले.

पसरलेल्या दोन हातांचे चिन्ह एकटे असेल तर 'एन', त्याखाली लाटेचे चिन्ह असेल तर 'नेन', आणि 'नेन' पुढे इच्छार्थी रूप आले तर 'ऐकणार नाही'. एका लाटेने काळ बदलतो, म्हणून चिन्हे उतरवताना हे सोडून चालत नाही.

नियम बसला असे वाटले तोच गोष्टीत 'एन रेख सू रेमेच' आले : 'लोकांना ठाऊक नसलेल्या' दूरच्या देशात. गनच्या नियमाने हे 'लोकांनी जाणले नाही' व्हायला हवे. पण 'रेख' याचा मूळ अर्थ 'कळणे'. कळले नाही, म्हणजेच आज ठाऊक नाही. नियम मोडत नाही, धातूचा अर्थ नीट धरावा लागतो.

नाग म्हणतो, 'एम सेनेज, एम सेनेज' : भिऊ नकोस, भिऊ नकोस. हा 'एम' घुबडाच्या चिन्हाने लिहितात आणि 'मध्ये' या अर्थाचा शब्दही त्याच घुबडाने. पण मुळात तो नकाराच्या एका क्रियापदाचा आज्ञार्थ आहे. नकारासाठी स्वतंत्र क्रियापदे असणे आणि रूपे त्यांचीच चालणे, हे मराठीत रोजचे आहे : नको, नकोस, नका, नये, नयेत. या भागाचे स्पष्टीकरण तक्त्यात सर्वात छोटे झाले.

२४ ऑगस्ट

आजचा दिवस वसूल. गलबतावरचे खलाशी किती तरबेज होते हे सांगताना येते : 'वादळ येण्याआधी त्यांना ते कळे, तुफान उठण्याआधी'. मुळात 'एन ईत-एफ' आणि 'एन खेपेरेत-एफ'. दोन्हींत 'त'.

'ई' हा हट्टी धातू, त्याच्या णे-रूपातही 'त' असतो. म्हणून पहिल्या शब्दाला मी 'त्याचे येणे' म्हणून णे-रूपात टाकले होते. पण 'खेपेर' सबल आहे. त्याच्या णे-रूपात 'त' येऊच शकत नाही. मग हा 'त' कुठला? तो 'अजून न झालेल्या' क्रियेच्या वेगळ्या रूपाचा. 'एन' त्याच्या आधी आले की 'होण्याआधी', आणि 'र' आले की 'होईपर्यंत'. दोन तुकडे समांतर आहेत, म्हणून पहिला शब्दही तेच रूप.

म्हणजे गेले महिनाभर 'दुर्बल धातू पाहा' असा जप चालला होता आणि इथे सबल धातूनेच खरे सांगितले. जुलैतला नियम अर्धाच होता. जिथे दुप्पट होण्यावरून रूप ओळखायचे तिथे दुर्बल धातू उपयोगी, आणि जिथे 'त'वरून ओळखायचे तिथे सबल. तक्त्याच्या मथळ्याखाली हे वाक्य टाकले.

लगेच पडताळा मिळाला. नागाचे भविष्य : 'या बेटावर महिन्यामागून महिना काढशील, चार महिने पुरे करीपर्यंत'. 'र केमेत-एक', आणि 'केम' दोन व्यंजनांचा सबल धातू. 'त' आहे, तेव्हा णे-रूप नाही. त्याच वाक्यात 'काढशील'साठी 'र इरेत' आहे, आणि तो 'त' साध्या णे-रूपाचा : 'तू करण्याकडे आहेस', म्हणजे करशील. एकाच वाक्यात 'र' दोनदा, 'त' दोनदा, रूपे दोन. नमुना म्हणून हेच वाक्य तक्त्याच्या वर छापणार.

७ सप्टेंबर

ज्याची भीती होती ते जोराचे रूप. हान्स याकोब पोलोत्स्की यांनी १९४४ साली कॉप्टिकवरून दाखवले की काही रूपांत वाक्याचा भर क्रियापदावर नसतो, पुढच्या क्रियाविशेषणावर असतो. मग तीच नजर जुन्या इजिप्शियनवर लावली गेली. त्यावर पुढची कित्येक वर्षे वाद झाले आणि आजही दोन व्याकरणे एका ओळीला दोन नावे देतात.

मराठीत हे समजावणे अवघड नाही. 'तो पहाटे निघतो' आणि 'तो निघतो तो पहाटेच' यातला फरक शाळकरी मुलालाही कळतो. अवघड आहे ते ओळखणे. दुर्बल धातू दुप्पट झाला असेल तर संशय घ्यायचा. सबल असेल तर संदर्भावर सोडायचे. खलाशी 'आकाश पाहोत की जमीन पाहोत, त्यांचे काळीज सिंहाहून धीट' या ओळीत 'पाहणे' कुठल्या घरात टाकायचे यावर दोन रविवार गेले आणि ती ओळ शेवटी 'मतभेद' या नव्या रकान्यात गेली. आधी असा रकाना नव्हता. तो नसल्यामुळे मी प्रत्येक शब्दाला ओढूनताणून एक नाव देत होतो.

१४ सप्टेंबर

तीन रूपे थोडक्यात. 'इन' : मग त्याने असे केले. गोष्ट याच रूपाने उघडते, 'जेद-इन', मग तो म्हणाला. 'खेर' : असे करावे. 'का' : मग असे करील. 'खेर'चा नमुना या गोष्टीत मिळेना, म्हणून ब्रिटिश म्युझियममधल्या ऱ्हिंड गणिती पपायरसकडे गेलो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे उदाहरण : व्यास ९, त्याचा नववा भाग वजा करावा, उरले ८, 'इर-खेर-एक', आठाला आठाने गुणावे, 'खेपेर-खेर-एफ', ६४ होतील. वैद्यकाच्या पपायरसांतही हे रूप भरपूर येते. मराठी पाककृतीत 'घ्यावे, परतावे, उतरवावे' चालते तेच काम.

५ ऑक्टोबर

पडताळणी. बर्लिन आणि लाइपझिगच्या विज्ञान अकादम्यांचा इजिप्शियन शब्दसंग्रह ऑनलाईन फुकट पाहता येतो. अर्मान यांनी १८९७ साली सुरू केलेल्या कोशाच्या कामाचाच तो पुढचा अवतार. धातू टाकला की कुठल्या मजकुरात, कुठल्या ओळीत, कुठल्या रूपात आला ते मिळते. माझा तक्ता त्याच्याशी ओळीने ताडला. जिथे फरक पडला तिथे बहुतेकदा नाव वेगळे होते, अर्थ एकच. उरलेले खरे फरक दुरुस्त केले. हे आधी का केले नाही? आधी केले असते तर तयार उत्तरे उतरवून घेतली असती आणि 'खेपेरेत' कधीच कळले नसते, असे माझे मत. भाचीचे मत, निम्मा पावसाळा वाचला असता.

खर्चाचा हिशेब : कार्डे १८०, फुकट गेलेले लॅमिनेशन ३२०, दुसऱ्या तक्त्याचे रंगीत प्रिंट २४०. एकूण ७४० रुपये. दुसरा तक्ता लॅमिनेट केलेला नाही. करूही नये, त्यावर पेन्सिलीने लिहायला लागते.

१२ ऑक्टोबर

शेवटच्या ओळी. खलाशी ही सगळी हकिगत ज्याला सांगत होता तो वरिष्ठ अधिकारी ती ऐकून म्हणतो, 'शहाणपण करू नकोस, मित्रा. सकाळी कापायच्या पाखराला पहाटे पाणी कोण पाजतो?' मूळ 'सेफेत-एफ'. ऑगस्टमधल्या शोधानंतर भाचीने 'सबल धातू अधिक त' दिसला की घर लाल करणारे सूत्र लावले होते. त्याने हा शब्द लगेच लाल केला. पण 'सेफेत', कापणे, यातला 'त' धातूचाच आहे. मुळात तो 'च' होता, नंतर 'त' झाला. प्रत्यय इथे नाहीच. सूत्रात आता धातूचे शेवटचे व्यंजन वगळायची अट आहे. त्याच ओळीतला 'पाजणे'साठी आलेला 'रेदीत' मात्र कुठल्याच घरात बिनबोभाट बसत नाही. 'कोण' या प्रश्नापुढे तिथे 'त' नसलेले रूप हवे. तो 'मतभेद' रकान्यात.

नक्कल करणारा लेखक शेवटी आपली सही करतो : बोटांनी कुशल लेखक, आमेनीचा मुलगा अमेनआ. त्या सहीच्या आधीच्या 'जसे लिखाणात सापडले तसे' या वाक्यातली दोन रूपे भरायची राहिली आहेत. फाईल तीन पानांची झाली आहे, मतभेदाचा रकाना धरून चार.